येत्या एक तारखेपासून

प्रत्येक कचेरीत एक माणूस असा असतो, जो येत्या एक तारखेपासून नसतो. आमच्याकडे हे पद अण्णांकडे आहे. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतला आमचा कारखाना, त्यातलं परचेस खातं, आणि त्या खात्यात खिडकीजवळच्या टेबलावर बसून बावीस वर्षं ‘आता बास’ म्हणणारे अण्णा. नवीन पोरगं रुजू झालं की पहिल्याच दिवशी त्याला चहाला नेऊन अण्णा सांगतात, “मी काय, थोड्या दिवसांचा पाहुणा. माझ्याकडून शिकून घे काय ते.” पोरगं हळहळतं. दीड-दोन वर्षांनी ते पोरगं दुसरीकडे जातं आणि त्याच्या निरोपाच्या समोशांची वर्गणी अण्णा गोळा करतात.

अण्णांचा राजीनामा नुसता तोंडी आहे असं कुणी समजू नये. तो लेखी आहे आणि त्याच्या आवृत्त्या निघाल्या आहेत. पहिली आवृत्ती फुलस्केपवर, स्वहस्ताक्षरात, तीन पानी. तिच्यात साहेबांचे अपराध क्रमांक घालून दिले होते आणि शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ होतं. दुसरी श्रीलिपीत टाइप केलेली, दीड पानी. तिच्यातून लोभ गेला. सध्याची आवृत्ती मेलच्या ड्राफ्टमध्ये आहे. चार ओळी, एकही विशेषण नाही. फक्त तारखेची जागा रिकामी. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून झापलं की अण्णा जागेवर येतात, ड्राफ्ट उघडतात, एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करतात, सेव्ह करतात आणि शांत चित्ताने पुरवठादाराला फोन लावतात. रक्तदाबाच्या गोळीपेक्षा हे स्वस्त पडतं, असं त्यांचं मत आहे.

आता साहेबांविषयी. साहेब दुष्ट नाहीत, साहेब ‘साहेब’ आहेत. रात्री पावणेदहाला त्यांचा ‘कॉल मी’ असा मेसेज येतो. आपण फोन केला की ते म्हणतात, “काही नाही, उद्या बोलू.” मग आपण रात्रभर जागे. रजेचा अर्ज ते असा वाचतात, की ते दोन दिवस त्यांच्याच खात्यातून वजा होणार आहेत. काम बिघडलं तर ‘तुम्ही काय केलंत’, जमलं तर ‘आपण केलं’. शनिवारी संध्याकाळी बस सुटायला दहा मिनिटं असताना त्यांना सोमवारची आठवण होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, केबिनमध्ये समोर दोन खुर्च्या असूनही साहेबांनी कुणाला कधी ‘बसा’ म्हटलेलं नाही.

मग अण्णा सोडत का नाहीत? हा प्रश्न अडाण्यांनी विचारावा. राजीनाम्याला मुहूर्त लागतो आणि अण्णांचं पंचांग पक्कं आहे. जानेवारीत सोडणं मूर्खपणा, कारण एप्रिलला इन्क्रिमेंट. एप्रिलचं पत्र हातात पडतं जूनमध्ये, फरकासकट. जूनमध्ये पोरांच्या फिया. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस, पावसात नोकरी कोण शोधतं? सप्टेंबरला सोडलं तर दिवाळीचा बोनस बुडाला. दिवाळीनंतर वर्ष संपतच आलेलं, शिल्लक रजेचे पैसे सोडायचे का? की आला पुन्हा जानेवारी.

या पंचांगाच्याही वर ग्रॅच्युइटी आहे. ग्रॅच्युइटीचा कायदा अण्णांना तोंडपाठ आहे. शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता घ्यायचा, 26ने भागायचा, 15ने गुणायचा, मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचा. पाच वर्षं भरली की हक्क सुरू. पण अण्णांचा खरा जीव अडकलाय तो पुढच्या कलमात : वरचे महिने सहाच्या पुढे गेले, की पूर्ण वर्ष धरतात. त्यामुळे चौथ्या महिन्यात अण्णा म्हणतात, “अजून दोन महिने काढले की वर्ष पदरात पडतंय, घाई कशाला?” आणि आठव्या महिन्यात म्हणतात, “वर्ष तर पदरात पडलंच, आता पुढचं धरूनच निघू.” कायदा करणाऱ्यांनी कामगाराचं भलं चिंतलं होतं. त्यात साहेबांचंही भलं झालं.

इतिहासही अण्णांच्या बाजूने आहे. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून 1951 साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. मुंबईच्या प्रश्नावर 1956 साली चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद फेकलं. त्याच वर्षी अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्री पायउतार झाले. ही तिन्ही नावं अण्णा अशा काही आपलेपणाने घेतात, की यादीतलं चौथं नाव ऐकणाऱ्याने आपणहून उच्चारावं. मात्र त्यांना खरा धीर आला तो 2014 नंतरच्या युती सरकारात. शिवसेनेचे मंत्री ‘राजीनामे खिशात आहेत’ असं जाहीर सांगायचे, आणि खातंही सांभाळायचे. “बघा,” अण्णा पेपर घडी करत म्हणायचे, “सरकारमान्य पद्धत आहे.”

पण अण्णांची ही थट्टा कुणी त्यांच्यासमोर करत नाही. कारण गेल्या कित्येक वर्षांत आमच्या कारखान्यातून जो कुणी धडपणे बाहेर पडला, तो अण्णांच्या हातून. शंभर लग्नं लावून स्वतः ब्रह्मचारी राहिलेल्या भटजीसारखा त्यांचा लौकिक आहे. दुसऱ्याचा राजीनामा हातात आला की अण्णा बदलतात. आवाज खाली येतो, चष्मा वर जातो.

“ऑफर लेटर हातात आहे? तोंडी नको सांगू, दाखव. बरं. कँटीनमध्ये कुणाला बोललास? नाही ना? आधी साहेबांना कळलं पाहिजे, तेही तुझ्या तोंडून. दुसऱ्या कुणाच्या तोंडून नाही. रागावले असतील तेव्हा जाऊ नकोस. मंगळवारी जा, जेवणानंतर. आधी सांगायचं, मग लगेच मेल, एचआरला सीसी. कारण? ‘वैयक्तिक.’ पुढे एक अक्षर नाही. छळाची कहाणी लिहिलीस तर मन मोकळं होईल, पण अनुभवाचा दाखला याच माणसाच्या सहीने मिळायचाय. शेवटचा दिवस तारखेसकट लिही. नोटीस पिरियड किती, ते नेमणुकीच्या पत्रात बघ. आपल्याकडे एक महिना, आयटीवाल्यांकडे नव्वद दिवससुद्धा असतात. मेल करण्याआधी पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा घरी पाठव. नंतर मेल बंद झाला की एचआरच्या दारात उभा राहशील. पीएफ काढू नकोस, बदली कर. 2014पासून यूएएन आहे ते उगाच नाही. पाच वर्षांच्या आत काढलास तर कर लागतो. आणि भांडून घरी बसायचं नाही. आपल्याला वाटतं आपण लाथ मारली, कागदावर मात्र ‘विनापरवाना गैरहजर’ लागतं.”

“आणि साहेब म्हणाले, पगार वाढवतो, राहा?”

“मग विचारायचं, ही किंमत कालपर्यंत कुठे होती? म्हणजे मनात विचारायचं. तोंडाने ‘आभारी आहे’.”

“एचआरने एक्झिट इंटरव्ह्यूत विचारलं, साहेब कसे आहेत?”

“खूप शिकायला मिळालं म्हणायचं. खोटं कुठे आहे?”

अकाउंट्समधल्या एका मुलीने हा सल्ला तंतोतंत पाळला. मंगळवार, जेवणानंतर, चार ओळी. साहेबांनी एकदा कागदाकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि “ऑल द बेस्ट” म्हणाले. ती महिनाभर नेमाने आली, सगळ्या फायली समजावून दिल्या आणि शेवटच्या दिवशी पेढे वाटून गेली. एवढी वर्षं आम्ही ज्या वादळाची वाट पाहत होतो ते हे असं सात मिनिटांत संपतं, हे पाहून खात्यातले सगळेच थोडे हिरमुसले. अण्णा तर दोन दिवस जेवले नाहीत नीट.

यंदा फेब्रुवारीत एका दुपारी साहेबांनी अण्णांना बोलावलं. काचेतून आम्हाला दिसलं, की साहेबांनी हाताने खुर्ची दाखवली. अण्णा बसले. खात्यात शांतता पसरली. माणूस गेला, असंच सगळ्यांनी धरलं. एकाने तर मनातल्या मनात खिडकीजवळचं टेबलही मिळवलं.

पाऊण तासाने अण्णा बाहेर आले, पाणी प्याले आणि हळू आवाजात सांगू लागले. मुख्य कचेरीत नवीन डायरेक्टर आलाय, साहेबांच्या मुलाच्या वयाचा. तो रात्री साडेअकराला ‘कॉल मी’ म्हणतो. परवा मीटिंगमध्ये त्याने साहेबांना दहा जणांसमोर उभं ठेवलं. साहेबांना सोडायचं होतं. “तुम्ही पोरांना मसुदा करून देता म्हणे. मलाही एक द्या,” म्हणाले.

आमचे चेहरे उजळले. “मग दिलात ना?”

“छे! चांगली समजूत घातली. म्हटलं, साहेब, एप्रिल तोंडावर आलाय. ग्रॅच्युइटीचा हिशोब मांडून दाखवला. सहा महिन्यांचं कलम सांगितलं. पटलं त्यांना. राहतायत.”

“अहो अण्णा! सुटलो असतो की सगळे! आम्हाला एवढे मसुदे लिहून दिलेत, आणि त्यांनाच नेमकं अडवलंत?”

अण्णांनी आमच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले,

“अरे, ते गेले तर मी राजीनामा देऊ कुणाला?”