सात मिनिटांचा संडास

निफाड तालुक्यात थंडी पडली की द्राक्षबागेत दोन पाहुणे येतात. एक भुरी, दुसरा ऑडिटर. भुरीवर औषध मिळतं.

ऑडिटर यायच्या आदल्या दिवशी बघा. वर्षभर ड्रिपच्या जुन्या नळ्या सांभाळणारा बांधावरचा संडास घाईनं मोकळा होतो. नळाशी साबणाची नवी वडी, खिळ्याला पांढराशुभ्र टॉवेल. टॉवेलाला हात पुसायचे नाहीत, अशी तंबी. सुरगाणा-पेठहून आलेल्या टोळीची मुकादम उजळणी घेतो.

"हात कधी धुवायचे?"

"संडासहून आल्यावर, जेवल्यावर, तंबाखू मळल्यावर."

"तंबाखूचं नाव काढायचं नाही!"

निर्यातीसाठी लागणाऱ्या ग्लोबलगॅप प्रमाणपत्राच्या हिशोबानं तोडणीच्या मजुराला संडास पाचशे मीटर किंवा सात मिनिटांच्या आत हवा. सरळ चालत गेलं तर हिशोब बरोबर आहे. पण किल्ली मालकाच्या खिशात आणि मालक पिंपळगावच्या मार्केटात. बाई मुकादमाला विचारते, मुकादम फोन लावतो, मालक "आलोच" म्हणतो. शेवटी शेजारचा ऊस कामी येतो. उसाला ऑडिट नसतं.

आपल्याला शिस्त लागत नाही, असं मात्र म्हणू नये. 2010 साली द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे अंश सापडले, युरोपनं माल अडवला आणि बागायतदारांचे डोळे पांढरे झाले. तेव्हापासून लिहोसिनचं, म्हणजे त्याच क्लोरमेक्वाटच्या बाटलीचं, नाव काढलं तरी माणूस आधी इकडंतिकडं बघतो. निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडाच्या ग्रेपनेट प्रणालीवर एकेका प्लॉटची नोंद असते. रॉटरडॅमला पोचलेल्या पेटीवरून उगाव-शिवडीतल्या नेमक्या बागेचा माग काढता येतो. संडासाच्या किल्लीचा तेवढा लागत नाही. फवारणीचा अंश लॅबच्या कागदावर उमटतो. न धुतलेला हात उमटत नाही, मग साबणावर खर्च कोण करणार?

पॅकहाऊसमध्ये मात्र थाट असतो. बांगड्या काढा, नखं दाखवा, डोक्याला टोपी, हातात मोजे. घडाला कात्री लागते, बोट लागत नाही. ही सगळी सोवळी द्राक्षं कंटेनरनं जातात.

उरलेली आपली. लहान मण्याची, डाग पडलेली. ती रस्त्याकडेच्या गाडीवर येतात. तिथं आपण गाडी थांबवतो, न धुताच चार मणी तोंडात टाकतो आणि करड्या आवाजात चौकशी करतो, "आंबट नाहीत ना?"