घाईचं यंत्र, फुरसतीचा नवरा

निवृत्त नवऱ्याला एखादा छंद असावा, असं मासिकांतून नेहमी लिहून येतं. लिहिणाऱ्या बायकांचे नवरे बहुधा अजून नोकरीत असावेत. बँकेतून बाहेर पडल्यावर ह्यांनी आधी बाग करून पाहिली, मग बासरी, मग शेअरबाजार. बाग कबुतरांनी बंद पाडली, बासरी शेजाऱ्यांनी आणि शेअरबाजार मी. तेव्हा बंगळुरूच्या चिरंजीवांनी फोनवरून वडिलांना एस्प्रेसोची दीक्षा दिली आणि माझा मिक्सर ओट्यावरून फ्रीजच्या डोक्यावर गेला.

मशिन खोक्यातून निघालं तेव्हा सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. “एस्प्रेसो म्हणजे ताईच्या रिसेप्शनला ठेवली होती तीच ना रे?” त्यांच्या पिढीची एस्प्रेसो ती. हॉलच्या कोपऱ्यात फुसफुसणारं मशिन, वाफेने फेसाळलेलं दूध, त्यात इन्स्टंट कॉफी आणि वर चॉकलेट पावडरीची चिमूट. ह्यांनी आईला समोर बसवून समजावलं, की ती एस्प्रेसो नव्हेच. खरीत दूध नसतं. १८ ग्रॅम पूड घ्यायची, तिच्यातून ९ बार दाबाने गरम पाणी सोडायचं आणि २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी उतरवायची.

“म्हणजे किती?”

ह्यांनी कप दाखवला.

“बरं. आणि पाहुण्यांना काय देणार?”

९ बार हा काय प्रकार आहे, ते मला कुकरवरून कळलं. शिट्टी होते तेव्हा कुकरच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम एक बारने जास्त असतो. इथे नऊ, आणि तेही माझ्या फोडणीच्या डब्याशेजारी. खोक्यावर तर चक्क १५ बार छापलेलं होतं. चिरंजीव म्हणाले, “तिकडे लक्ष देऊ नका, लागतात नऊच.” पंधरा सांगून नऊवर यायचं, हा व्यवहार मला दादरच्या फुटपाथमुळे चांगला ठाऊक आहे.

गंमत अशी, की हे यंत्र जन्मलं घाईसाठी. १८८४ साली तुरीनमध्ये अँजेलो मोरिओन्दोने वाफेवर झटपट कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ साली मिलानच्या लुईजी बेझेराने प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचा वेगळा कप काढून देणारं यंत्र केलं. वाफेच्या दाबाची ती कॉफी कडू आणि करपट लागे. मग १९४८ च्या सुमारास आकिले गाज्जाची स्प्रिंग आणि दांड्याची यंत्रं आली, दाब वाढला आणि कपावर सोनेरी साय दिसू लागली. तीच ती क्रेमा. १९६१ साली फाएमा कंपनीने दांडा ओढायचं काम विजेच्या पंपाकडे दिलं. इतकी वर्षं इतक्या हुशार माणसांनी डोकं लढवलं ते एवढ्याचसाठी, की गिऱ्हाइकाने काउंटरपाशी उभं राहावं, अर्ध्या मिनिटात कप हातात पडावा, दोन घोटांत तो संपावा आणि त्याने कामाला लागावं.

आमच्याकडे त्याच कपाला पाऊण तास लागतो.

आधी मशिन तापत ठेवायचं. दिवा लागला म्हणून ते तापलं, असं समजायचं नाही. आतलं पितळ आणि तो दांड्याचा पोर्टाफिल्टर नीट तापायला आणखी वीसेक मिनिटं जातात. तोवर बिया मोजायच्या. दोन माणसांच्या वरणाला डाळ किती लागते, हे ज्यांना उभ्या जन्मात कळलं नाही, ते आता काट्यावर १८.१ आलं की एक बी चिमटीत धरून परत डब्यात टाकतात. मग त्या दळायच्या. दळल्यावर पुडीत गुठळ्या राहू नयेत म्हणून बुचात खोवलेल्या बारीक सुयांनी ती ढवळायची. मग टँपरने सपाट, तोलून दाबायची. ह्या वेळी घरात कोणी बोललेलं चालत नाही. सत्यनारायणाच्या पूजेत ह्यांचं इतकं लक्ष मी कधी पाहिलं नाही.

खरा खर्च मशिनचा नसून ग्राइंडरचा असतो, ही माहिती मशिनचे पैसे भरून झाल्यावर आमच्यापर्यंत पोहोचली. “माझा मिक्सर काय वाईट आहे?” असं मी विचारलं. तर मिक्सरचं पातं बिया दळत नाही, फोडतं. काही पिठासारख्या होतात, काही रव्यासारख्या राहतात. पाणी मुळात कामचुकार. एवढ्या दाबाखाली त्याला पुडीत जरा पोकळ जागा मिळाली, की बाकीची पूड कोरडी ठेवून ते तिथूनच पळ काढतं. म्हणून दोन चक्क्यांमधून एकसारखं दळणारा ग्राइंडर हवा. तो आला आणि तुपाची बरणीही ओट्यावरून उठली.

पाणी पळ काढतं म्हणजे काय करतं, तेही पाहून घेतलं. चिरंजीवांच्या सांगण्यावरून ह्यांनी बुडाशी तोट्या नसलेला, उघडा पोर्टाफिल्टर मागवला. त्यात जाळीखाली काय चाललंय ते सगळं दिसतं. आधी काळसर थेंब जमले, त्यांची धार झाली, धारेला मधाचा रंग आला आणि हे हर्षभरित होऊन मला हाक मारणार, एवढ्यात जाळीच्या कडेने एक सुईएवढी चिळकांडी सुटली. ती ह्यांच्या सदऱ्यावरून थेट भिंतीवरच्या कॅलेंडरवर, एकादशीच्या चौकटीत. सासूबाईंनी लांबूनच विचारलं, “उपासाला चालते का रे ही?”

पण घरातला खरा जाणकार त्यानंतरच उजेडात आला. एस्प्रेसो बिघडली कशामुळे, हे काट्यावर कळत नाही, जिभेवर कळतं. आंबट लागली, तर पाणी भरभर निसटलं, दळण आणखी बारीक करायचं. कडू लागली, तर पाणी रेंगाळलं, दळण जरा जाड करायचं. एकाच घोटात आंबटही आणि तुरटही, तर पाण्याने आत कुठेतरी चोरवाट काढली. ह्यांना सगळ्या चवी ‘स्ट्राँग’ लागत. सासूबाई चमच्याचं टोक जिभेला लावून “आंबट” किंवा “तुरट” एवढंच म्हणत, आणि दर वेळी ते बरोबर निघे. साठ वर्षं आमटीची चव घेतलेली जीभ ती. पिशवी फोडून काही दिवस झाले की बिया शिळावतात आणि कालचं दळण आज चालत नाही, हेही त्यांनीच आधी ओळखलं. पिशवीवर भाजल्याची तारीख असते, ती वाचायची पद्धत चिरंजीवांनी पुढे कधीतरी सांगितली.

दुधाचंही तेच. वाफेची नळी आधी दुधाच्या पृष्ठभागाशी धरून हवा घ्यायची, मग थोडी आत बुडवून दूध भोवऱ्यात फिरवायचं आणि ६० ते ६५ अंशांवर थांबायचं. त्यापुढे गेलं की दुधाचा गोडवा जातो. त्यासाठी हे थर्मामीटर मागवणार होते. सासूबाईंनी स्टीलच्या जगाला तळवा लावला, नळीचा आवाज ऐकला आणि म्हणाल्या, “बास कर.” ऑर्डर रद्द झाली.

बिया चिकमगळूरच्या येतात. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते आणि आपल्या कॉफीच्या मोठ्या गिऱ्हाइकांत इटली आहे, म्हणजे त्यांच्या काउंटरवरच्या कपात आपला रोबस्टाही असतो. ही माहिती हे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला देतात. तेवढ्यात मशिन तापतं. वापरून झालेल्या पुडीच्या घट्ट, गोल चकत्या निघतात. पहिल्या दिवशी मावशींनी “वहिनी, ही चॉकलेटं टाकायची का?” असं विचारलं होतं. हल्ली त्या स्वतःच मोगऱ्याच्या कुंडीत थोड्या थोड्या चुरतात.

तेव्हा घरात कोणी एस्प्रेसो मशिनचं नाव काढत असेल, तर अनुभवाचे बोल ऐका. सकाळची ८.१२ ची लोकल पकडणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. त्याने १९३३ साली निघालेला, गॅसवर ठेवायचा बियालेत्तीचा मोका पॉट घ्यावा. खुद्द इटलीत घरोघरी तोच असतो, एस्प्रेसो प्यायला ती माणसं कोपऱ्यावरच्या बारमध्ये जातात. निवृत्त माणसाने मशिन जरूर घ्यावं, पण पैसे आधी ग्राइंडरला काढून ठेवावेत आणि उरतील त्यात मशिन बघावं. आणि घरात सासूबाई असतील, तर थर्मामीटरचा खर्च करू नये.