श्रीयुत खासगी कराओके कक्ष यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीयुत खासगी कराओके कक्ष,
मूळ गाव ओकायामा, जपान.

विषय : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील संभाव्य आगमनाबाबत.

महोदय,

कराओके म्हणजे गायकाचा आवाज वगळून केवळ वाद्यमेळ ऐकवणारे ध्वनिमुद्रण, ज्याला या पट्ट्यातील हौशी गायक ‘ट्रॅक’ म्हणतात, आणि त्याच्या जोडीने पडद्यावर सरकत जाणारे गीताचे शब्द; तर खासगी कराओके कक्ष म्हणजे चार-सहा मित्रांनी तासाच्या भाड्याने घ्यावयाची अशी ध्वनिरोधक खोली, जिच्यात बाहेरचा श्रोता शिरू शकत नाही आणि जिच्यातला स्वर बाहेर निसटू शकत नाही. यांपैकी दुसरी तरतूद लोकहिताची आहे, याबद्दल दुमत संभवत नाही. पहिली तरतूद मात्र येथील गायकवर्गाच्या प्रकृतीला मानवेल की नाही याची शंका असल्याने, कक्षमहोदयांनी बस्तान बसवण्यापूर्वी स्थानिक परिस्थिती समजून घ्यावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

कक्षमहोदयांच्या घराण्याचा इतिहास त्यांना ठाऊक असणारच. तरीही येथे त्याची उजळणी आवश्यक ठरते. कोबे शहरातील मद्यगृहांत हौशी गायकांना साथ करणारे वादक दाइसुके इनोऊए यांना एका कंपनीच्या प्रमुखाने सहलीला बरोबर येण्याची गळ घातली, तेव्हा जाणे शक्य नसल्याने त्यांनी त्या गृहस्थाच्या गळ्याला झेपेल अशा बेताने साथ ध्वनिमुद्रित करून दिली, आणि त्यातूनच पुढे 1971 मध्ये नाणे टाकून चालणारे त्यांचे यंत्र जन्माला आले. त्याचे एकस्व, म्हणजे पेटंट, त्यांनी घेतले नाही; 2004 मध्ये त्यांना मिळाले ते ‘इग नोबेल’, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामगिरीला दिले जाणारे मिश्कील पारितोषिक, आणि तेही शांततेचे, कारण माणसांना परस्परांना सहन करण्याची नवी रीत त्यांनी शिकवली असे निवड करणाऱ्यांचे मत पडले. या कथेत ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, त्या कंपनीप्रमुखाला उणीव होती ती साथीदाराची, श्रोत्यांची नव्हे. श्रोते तर सहलीला सोबतच होते. श्रोत्यांनाच वगळण्याची युक्ती नंतरची, आणि ती सुचली ओकायामा येथे 1980 च्या दशकाच्या मध्यावर, जेव्हा मालवाहतुकीच्या वापरलेल्या कंटेनरांतून गाण्याच्या पहिल्या खोल्या तयार झाल्या.

कंटेनर हा शब्द चाकणमध्ये उच्चारताना सावधगिरी बाळगलेली बरी. पुणे-नाशिक महामार्गावर आणि विशेषतः तळेगाव चौकात कंटेनरांची उणीव कोणालाही कधी जाणवलेली नाही, आणि त्यांच्यामागे काचा वर करून खोळंबलेली प्रत्येक मोटार हा वस्तुतः एकेक खासगी कराओके कक्षच असतो, ज्यात जनरल शिफ्ट, म्हणजे दिवसपाळी, संपवून निघालेला अभियंता घरी पोहोचेपर्यंत रफी आणि किशोरकुमार या दोघांनाही पुरेसा न्याय देऊन चुकलेला असतो. हा कक्ष ध्वनिरोधक आहे, वातानुकूलित आहे, आणि त्याला तासाचे भाडे पडत नाही. कक्षमहोदयांना पहिली स्पर्धा करावी लागेल ती याच्याशी.

दुसरी स्पर्धा अधिक अवघड आहे. पिंपरीचे आचार्य अत्रे रंगमंदिर, चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह अशा ठिकाणी होणाऱ्या हौशी कराओके मैफलींची अर्थव्यवस्था उफराटी असते, कारण तेथे श्रोत्याने तिकीट काढायचे नसून गायकाने गाण्यामागे वर्गणी भरायची असते. आपली पाळी येईपर्यंत प्रत्येक गायक हा उत्तम श्रोता असतो आणि पाळी होऊन गेली की त्याला अचानक घरचे काम आठवते, त्यामुळे शेवटच्या गायकासमोर निवेदक, ध्वनिसंयोजक आणि स्वतःची पत्नी एवढाच रसिकवर्ग उरण्याचा धोका असतो; म्हणूनच अनुभवी आयोजक चहा-नाष्टा मध्यंतरात न देता शेवटी देतात. या प्रकाराची टिंगल करणे सोपे आहे आणि ती पुण्यात नियमितपणे केली जाते. परंतु टेल्को, बजाज किंवा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेडमध्ये प्रेस आणि लेथच्या घरघरीत ज्यांची उमेदीची वर्षे गेली, ज्यांना शेजारच्या मशीनवरच्या माणसाशीही हातवारे करून बोलावे लागले, त्यांनी निवृत्तीनंतर पैसे मोजून माईक हाती घेतला, तर ते पैसे गाण्याचे नसून ऐकले जाण्याचे असतात, आणि ते वाजवी आहेत. अशा माणसाला कक्षमहोदय नेमके ऐकले न जाण्याचे भाडे आकारू पाहतात.

मित्र हेच श्रोते, असा बचाव येथे केला जाईल. तो तपासून पाहिला पाहिजे. या पट्ट्याच्या एका अंगाला देहू आणि दुसऱ्या अंगाला आळंदी असल्याने समूहात गाण्याची रीत येथे कारखान्यांहून पुष्कळ जुनी आहे, आणि त्या रीतीत मागे उभा असलेला टाळकरी, म्हणजे कीर्तनकाराच्या पाठीशी धृपद धरणारा साथीदार, पुढच्याचा श्वास तुटला तर ओळ उचलतो. खोलीतील मित्र ओळ उचलत नाही. तो यादीत स्वतःचे पुढचे गाणे शोधत असतो, आणि अंतरा लांबला तर रिमोटही उचलतो. राहिलेली दाद यंत्र देते, आणि तीही शंभरपैकी गुणांत. सुराच्या उंचीची आणि लयीची मूळ चालीशी तुलना करून काढलेला हा आकडा जपानी यंत्रांचे भूषण मानला जातो, पण गायकाने हौसेने घेतलेली मुरकी त्या हिशेबात चूक ठरण्याचा संभव असतो. ज्या देशाने कायझेन, म्हणजे कामात रोज थोडी सुधारणा करण्याची शिस्त, या पट्ट्याला दिली, त्याच देशाच्या यंत्राने आठवडाभर गेज लावून नग तपासणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी रिजेक्शनमध्ये टाकावे, हा काव्यगत न्याय असला तरी त्यासाठी भाडे घेणे उचित दिसत नाही.

तथापि कक्षमहोदयांचा निश्चय झालाच असेल, तर काही अटी मान्य व्हाव्यात. या पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, म्हणून सुट्टीचा वाढीव दर रविवारी लावून भागणार नाही, आणि गुरुवारी तो लावल्यास युनियनशी बोलावे लागेल. ट्रॅकची पट्टी बदलण्याची कळ ठळक असावी, कारण तरुणपणी काळी चारमध्ये गाणारा गळा साठीनंतर पांढरी एकवर उतरलेला असतो आणि हे मित्रांदेखत कबूल करणे कोणालाही आवडत नाही. गुणांचा फलक झाकावा. राहिला प्रश्न कक्षाच्या दाराचा; त्याबाबत कायदाही अनुकूल आहे. ध्वनिप्रदूषणविषयक 2000 च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकाला मज्जाव असला, तरी बंदिस्त जागेतील वापर त्यातून वगळलेला आहे, तेव्हा दहानंतर दार घट्ट लावून घ्यावे. दहापूर्वी मात्र ते किंचित किलकिले ठेवण्यास हरकत नसावी, आणि बाहेर पाळीची वाट पाहणाऱ्यांसाठी एक बाकडे टाकावे.

कळावे, लोभ असावा.

औद्योगिक पट्ट्यातील हौशी गायकवर्गाच्या वतीने,
एक वर्गणीदार

ता. क. : चहा-नाष्टा शेवटीच द्यावा.