आक्कांच्या दादाचा सर्व्हर

आमच्या शेजारच्या आक्कांच्या मुलाने, दादाने, घरचा बेदाणा ऑनलाइन विकायला घेतला, तेव्हापासून गल्लीत दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, सर्व्हर आपला आपण सांभाळावा. दुसरा म्हणतो, पैसे टाकावेत आणि माणूस लावावा. सर्व्हर म्हणजे नेमकं काय, हे दोन्ही पक्षांतल्या निम्म्या लोकांना माहीत नाही, पण त्याने चर्चा कुठे अडते? लासलगावला कांदा पडला की आयुष्यात कांदा न लावलेली माणसंही तावातावाने बोलतातच.

"बाई, तुमच्या सूनबाईचं कामच ते ना?" आक्कांनी मेथीची जुडी भिंतीवर ठेवली. म्हणजे आता अर्धा तास निश्चिंती.

"हो, नाशिकच्या कंपनीचे सर्व्हर बघते. घरी बसूनच."

"मग तिला विचारून सांगा. दादा म्हणतो माणूस लावू. त्याचे वडील म्हणतात, मग तुला इंजिनियर कशाला केला?"

दादाच्या वडिलांचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं, आणि तिथेच घोळ होतो. दादाला येत नाही असं कोण म्हणतंय? महिना काही शे रुपयांत कुठल्यातरी डेटा सेंटरमधला सर्व्हर भाड्याने मिळतो. त्यावर लिनक्स चढवून दुकान थाटणं, सून म्हणते, एका दुपारचं काम. प्रश्न त्या दुपारनंतरचा आहे. उबुंटू नावाच्या लिनक्सची मोठी आवृत्ती सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. मिळतात म्हणजे त्या लावायला कोणी तरी बसावं लागतं. साइटच्या पत्त्याआधीचं ते कुलूप, म्हणजे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र, लेट्स एनक्रिप्टकडून फुकट मिळतं, पण 90 दिवसांचं. ते आपोआप नवं व्हायची सोय असते; ती सोय गुपचूप बंद पडली, तर गिऱ्हाइकाला दुकानाऐवजी 'ही साइट सुरक्षित नाही' अशी पाटी दिसते. पूर्वी मुदत संपत आली की त्यांची आठवणीची मेल यायची. 2025 पासून तीही बंद केली त्यांनी.

"आणि रात्रंदिवस कोणीतरी पासवर्ड लावून बघत असतं म्हणे," मी सुनेकडून ऐकलेलं पुढे सरकवलं. "सर्व्हर चालू झाल्यावर काही मिनिटांत सुरू."

"अगं बाई! आमच्या बेदाण्यात कोणाला एवढा रस?"

"बेदाण्यात नाही हो. त्यांना तुमचं मशीन पाहिजे. त्यावरून जगभर फसवणुकीच्या मेल पाठवायला. नाव तुमचं, उद्योग त्यांचे."

आक्कांनी मेथी निवडायला घेतली. हे लक्षण गंभीर.

"दादा तर आधी म्हणत होता, मशीन घरातच ठेवतो. टीव्हीखाली. इन्व्हर्टर आहेच म्हणे."

हा बेत मी सुनेला सांगितला तेव्हा ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. घरच्या इंटरनेटला बहुतेक वेळा स्वतःचा कायमचा पत्ताच नसतो. कंपनी शेकडो घरांना एकाच पत्त्याआड बसवते. आपण बाहेर जाऊ शकतो, बाहेरच्याला आपलं दार सापडत नाही. त्यासाठी वेगळे पैसे भरून स्थिर पत्ता घ्यायचा, नाहीतर आडमार्गाने बोगदे काढत बसायचं. शिवाय तो इन्व्हर्टर. आक्कांच्या घरी वीज गेली की त्यावर पहिला हक्क आजोबांच्या पंख्याचा, दुसरा मालिकेचा.

पण मला विचाराल तर खरी मेख वीज किंवा पत्ता ही नाहीच. मेख कॅलेंडरात आहे. बेदाण्याला मागणी कधी? दिवाळीत. लोक फराळाला घेतात, कंपन्या भेटीच्या डब्यांत घालतात. आणि दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडे काय चालतं? द्राक्षबागांची गोडी छाटणी. छाटणी झाली, कोवळी फूट आली आणि वरून पाऊस पडला, की डाऊनी रोगाच्या भीतीने माणूस पहाटेपासून फवारणीच्या ब्लोअरवर. पुढे जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरला की सगळ्या महाराष्ट्राच्या पेपरात निफाडचं नाव येतं, आणि आपण रात्री बागेत शेकोट्या पेटवत, ठिबक चालू करत फिरतो. म्हणजे दिवाळीत ज्या आठवड्यात साइटवर गर्दी, त्याच आठवड्यात दादा बागेत. लॉगच्या फायलींनी डिस्क भरून डेटाबेस बसायचा असेल तर तो याच आठवड्यात बसणार.

"मग लावू द्या माणूस," आक्का म्हणाल्या.

"थांबा. ते पिंपळगावकडचं ऐकलं नाही का तुम्ही?"

आक्कांचे हात थांबले. ऐकलं होतंच, पण परत ऐकायला त्यांची कधीच ना नसते. तिकडच्या एका व्यापाऱ्याने असाच माणूस लावला. माणूस कामाचा होता. वर्षभराने पैशांवरून दोघांचं वाजलं आणि त्याने फोन उचलणं बंद केलं. सगळे पासवर्ड त्याच्याकडे, बिल त्याच्या कार्डावर, बॅकअप त्याच्याच खात्यात. व्यापारी महिनाभर स्वतःच्या दुकानाच्या बंद दारात उभा.

"तरी मी म्हणत होते," आक्का म्हणाल्या. त्या काय म्हणत होत्या ते मी विचारलं नाही.

आता बागेचंच बघा. विरळणीला, डिपिंगला आपण पेठ-सुरगाण्याकडची टोळी लावतोच ना? मुकादमाशी एकरी ठरवतो, त्यांचा हात आपल्यापेक्षा भरभर चालतो. पण सकाळी बागेत चक्कर मारायची ती मालकानेच. घड कसे राहिले, कुठल्या ओळीत घाई केली, हे मुकादम सांगायला येत नाही. टोळी लावली म्हणून कोणी बागायतदार घरी झोपून राहत नाही, आणि टोळी चुकते म्हणून कोणी चार एकरांची विरळणी एकटा करायला बसत नाही.

द्राक्षं निर्यात करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. 2006 पासून अपेडाचं ग्रेपनेट आहे. प्लॉटची नोंदणी, नमुन्याचा अहवाल, परदेशातल्या खोक्यापासून मागे थेट तुमच्या प्लॉटपर्यंतचा माग, सगळं त्यांच्या संगणकावर. तो सर्व्हर सांभाळायला निफाडातलं कोणी जात नाही, जायचं कारणही नाही. पण 2010 मध्ये युरोपने द्राक्षांत क्लोरमेक्वाट या रसायनाचे अंश सापडले म्हणून माल अडवला, तेव्हा संगणक कोणाचा होता हे कोणी विचारलं का? फटका बागायतदारांपर्यंत येऊन पोचला.

आक्कांना मात्र वाटत होतं की मोठ्या कंपन्यांत असं काही होत नसणार, तिथे शिकलेली माणसं असतात. मग मी त्यांना गिटलॅबची गोष्ट सांगितली. सुनेकडून मी ती इतक्यांदा ऐकली आहे की आता घरातल्याच कोणाची वाटते. जगभरातल्या प्रोग्रामरांचं काम साठवणारी कंपनी. 31 जानेवारी 2017. रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या एका इंजिनियरने जोडीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसायला घेतला आणि चुकून चालू सर्व्हरवरचाच पुसला. लक्षात येऊन थांबवेपर्यंत 300 जीबीतले साडेचार उरले. बॅकअपच्या एक सोडून पाच सोयी होत्या. ऐन वेळी एकही धड निघाली नाही. एक तर कधीपासून बंदच होती, आणि ती बंद असल्याच्या मेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. शेवटी सहा तासांपूर्वी कोणीतरी सहज काढून ठेवलेल्या प्रतीवर निभावलं. मधल्या सहा तासांतलं गेलं ते गेलं.

"त्या पोराला काढलं असेल."

"नाही काढलं."

"चांगली माणसं आहेत," आक्का म्हणाल्या, आणि गिटलॅब त्यांच्या मर्जीत बसली.

आणि 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये, स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं अख्खं डेटा सेंटर जळालं. बॅकअपही तिथेच ठेवलेल्या लोकांचं दोन्ही गेलं. म्हणून सून म्हणते, माणूस खुशाल लावा, पण बॅकअपची एक प्रत घरच्या डिस्कवर उतरवा आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा ती उघडून, साइट उभी राहते का ते बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर ती काडीचा विश्वास ठेवत नाही. सर्व्हरचं खातं दादाच्या नावावर, बिल दादाच्या कार्डावर. सांभाळणाऱ्याला त्याची वेगळी किल्ली, हवी तेव्हा काढून घेता येईल अशी. रात्री फोन केला तर किती वेळात उचलणार, हे आधीच लिहून घ्यायचं. आणि विक्री अजून दिवसाला पाच-दहा डब्यांचीच असेल, तर सर्व्हर, माणूस, काहीच नको. तयार ऑनलाइन दुकान महिन्याच्या भाड्याने घ्या आणि बागेकडे बघा. हे शेवटचं दादाला आवडणार नाही, हे मला ठाऊक होतं. इंजिनियरला तयार दुकान म्हणजे अपमान.

"बरं, मुख्य ते राहिलंच," मी म्हटलं. "डोमेन कोणाच्या नावावर आहे? साइटचं नाव?"

"दादाच्याच असणार की."

"विचारा तरी."

आक्कांनी भिंतीवरूनच हाक मारली. दादा बनियनवर बाहेर आला, डोकं खाजवलं, फोनमध्ये काही शोधलं. डोमेन त्याच्या कॉलेजच्या मित्राने घेऊन दिलं होतं, त्याच्याच ईमेलवर. मित्र कॅनडात. मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. दादाने दोनदा मेसेज केला, पण तो बघतच नाही.

"कोण रे हा? तो सायखेड्याचा उंच पोरगा? आपल्याकडे भरीत खाऊन गेलेला?"

"हो, तोच."

आक्कांनी निवडलेली मेथी पदरात घेतली. "त्याची आई माझ्या मावसबहिणीच्या भिशीत आहे. उद्या सकाळच्या एसटीने जाते. आईचा फोन गेल्यावर कॅनडातून उचलतो का नाही, ते बघतेच मी."