साडेसतरा टर्न

रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीत ‘साडेसतरा’ नावाचा एक वर्ग असतो. ऐकणाऱ्याला वाटावं, हे खेळाडूंचं वय असेल, नाहीतर साडेसातीची थोरली बहीण. प्रत्यक्षात तो मोटरीच्या पोटातल्या तांब्याच्या तारेचा हिशेब आहे. तारेचे सतरा वेढे पुरे द्यायचे आणि वर एक अर्धा. अर्धा अशासाठी, की तार एका टोकाने आत शिरते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. शेवटचा वेढा पुरा करायला तिला माघारी यावं लागलं असतं, ती येत नाही. एवढ्या अर्ध्या वेढ्यावरून जगभरात शहाणीसुरती माणसं तासन्‌तास भांडतात, हे मला माझ्या भाच्यामुळे कळलं.

दिवाळीच्या सुट्टीत तो ठाण्याहून जव्हारला आला तो काखेत गाडी मारूनच. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, हातभर लांब. पायात चप्पल असतानाच त्याने जाहीर केलं, ‘‘मामा, स्टॉक आहे, मॉडिफाइड नाही.’’ स्थळ बघायला आलेल्यांना ‘मुलगा निर्व्यसनी आहे’ असं सांगावं तशा सुरात. मग खुलासा झाला. स्टॉक म्हणजे वेढे ठरवून दिलेली मोटर: साडेसतरा, फार तर साडेतेरा, आणि नवख्यांना साडेएकवीस. मॉडिफाइड म्हणजे मोकळं रान. तिथे साडेचार-साडेपाच वेढ्यांच्या मोटरी असतात आणि गाडी सुटली की डोळ्यांनी शोधावी लागते.

‘‘म्हणजे जितके वेढे कमी तितका वेग जास्त?’’ मला हे उलटं वाटलं. आपल्याकडे जास्त घातलं की जास्त होतं, अशी भाजीतल्या तेलापासूनची समजूत.

त्याचं उत्तर इंग्रजीत होतं, म्हणून मी त्याला घेऊन बाजारातल्या रिवाइंडिंगवाल्याकडे गेलो. हे गृहस्थ विहिरीवरच्या पंपाच्या जळलेल्या मोटरी भरून देतात. दुकानात तांब्याच्या तारेची रिळं, वॉर्निशचा वास आणि आपापल्या मोटरीची वाट बघणारे दोन-तीन शेतकरी कायम असतात. त्यांनी भाच्याची मोटर तळहातावर घेतली, लिंबू घेतात तशी, आणि म्हणाले, ‘‘सर, तत्त्व तेच. टर्न कमी, तार जाड. पळणार जास्त, करंट पिणार जास्त, तापणार जास्त.’’

‘‘काका, अजून दोन टर्न कमी केले तर?’’ भाच्याने विचारलं.

‘‘मग पळेल,’’ ते म्हणाले. ‘‘एकदा.’’

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मोटर फिरायला लागली की तिची तारच उलट दाबाची वीज तयार करते आणि येणाऱ्या विजेला अडवते. वेढे जास्त तर ही अडवणूक लवकर पुरी होते आणि मोटर कमी वेगावर समाधान मानते. वेढे कमी केले की ती समाधानी व्हायला वेळ लागतो, वेग वाढत जातो. मात्र कमी वेढ्यांच्या मोटरीला तितकाच जोर काढायला जास्त करंट ओढावा लागतो. भाच्याच्या गाडीतली बॅटरी दोन सेलची, पूर्ण भरल्यावर 8.4 व्होल्टची. तेवढ्यावर साडेसतराची मोटर मोकळी फिरवली, तर मिनिटाला सोळा ते अठरा हजार फेरे घेते. पंपाची मोटर घेते तीन हजारांच्या आत. काकांनी हा आकडा ऐकला आणि पंपाच्या मोटरीकडे जरा दुःखाने पाहिलं.

आता, सगळ्यांना सारखे वेढे दिले म्हणजे शर्यत सारखी झाली, असं नियम करणाऱ्यांना वाटलं. नियम करणारे नेहमीच जरा भाबडे असतात. या खेळाची गोष्ट फार जुनी नाही. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने 1976 साली पोर्शे 934 ची रिमोटवर चालणारी गाडी काढली आणि घराघरातल्या वडिलांना मुलाच्या नावाखाली खेळायला एक वस्तू मिळाली. पुढे शर्यती वाढल्या, तसा साध्या वर्गासाठी नियम झाला: मोटर 27 वेढ्यांची, डबा बंद, उघडायचा नाही. गरिबाला परवडावं, हा हेतू.

डबा उघडता येत नाही म्हटल्यावर लोकांनी काय केलं? मोटरीला अंघोळ घातली. पाण्याच्या ग्लासात मोटर बुडवायची आणि कमी व्होल्टवर चालवायची. आतले कार्बन ब्रश पाण्यात भराभर झिजून, ज्यावर ते घासतात त्या कम्युटेटरच्या गोलाईला चपखल बसतात, एरवी ज्याला कितीतरी वेळ लागला असता. मे महिन्यात आमच्या शेजारच्या मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट बघणाऱ्या बाईला हे सांगितलं, तर ती काय म्हणेल याची कल्पना करवत नाही. (पावसाळ्यात इथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात हंड्यांची रांग लागते, हा हिशेब कोणत्याही रिवाइंडिंगवाल्याला सुटलेला नाही.) ज्यांच्याकडे पैसा होता, त्यांनी आणखी सोपी युक्ती काढली. एकाच छापाच्या मोटरी डझनाने विकत घ्यायच्या, एकेक तपासायची, त्यातली जातिवंत ठेवायची आणि बाकीच्या ओळखीच्यांना ‘स्वस्तात’ द्यायच्या. गरिबांसाठी केलेला नियम असा श्रीमंतांच्या कामी आला.

मग ब्रश नसलेल्या मोटरी आल्या. झिजायला काही उरलं नाही, अंघोळ संपली, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण या मोटरीला वीज कधी कुठल्या वेढ्यात सोडायची हे गाडीतलं एक छोटं यंत्र ठरवतं, आणि ती जरा आधी सोडली तर वेग वाढतो. झालं, भांडण तारेतून निघून सॉफ्टवेअरमध्ये गेलं. त्यावर उपाय म्हणून नियम आला की यंत्राने आगाऊपणा शून्य ठेवायचा, आणि तो शून्य आहे याची खूण म्हणून त्याचा दिवा लुकलुकला पाहिजे. परीक्षक शर्यतीआधी वाकून दिवा बघतात. मग लोकांनी मोटरीचं मागचं झाकणच थोडं फिरवलं, कारण आगाऊपणा तिथूनही करता येतो. मग चुंबकाच्या जाडीवर नियम. तारेच्या रोधावर नियम. शेवटी काही ठिकाणी आयोजकांनी हात टेकले आणि मोटरी आपणच आणून चिठ्ठी टाकून वाटायला सुरुवात केली. शर्यत संपली की परत करायच्या. रेशन दुकानासारखी समता यायला या खेळाला बरीच वर्षं लागली.

मोटरच काढून टाकली तर? हा प्रश्न मला सुचला आणि उत्तर अमेरिकेत तयार सापडलं. ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात 1935 पासून मुलांच्या बिनमोटरी गाड्यांची शर्यत भरते, नाव सोप बॉक्स डर्बी. मुलाने गाडीत बसायचं, उतारावरून सुटायचं, संपलं. पृथ्वीचं ओढणं सगळ्यांना सारखं, त्याला वेढे नाहीत. 1973 साली जिंकलेल्या 14 वर्षांच्या मुलाच्या गाडीचा एक्स-रे काढला, तर नाकात विद्युतचुंबक! सुरुवातीला गाड्या एका लोखंडी फळीला टेकून उभ्या असतात; फळी पुढे पडली की गाड्या सुटतात. पडता पडता ती फळी या गाडीला चुंबकाने पुढे ओढून घ्यायची. बटण डोक्यामागच्या टेकूत होतं. मुलाने हेल्मेट मागे टेकलं की चुंबक चालू. बक्षीस काढून घेतलं गेलं. कारागिरी मुलाची एकट्याची नव्हती, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची होती. मुलांच्या खेळात नियम मोडायला सहसा मोठी माणसंच लागतात, असं मी भाच्याला म्हणालो. त्याने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं.

आमच्या जव्हारला ही ॲक्रनची शर्यत कुणी न सांगता चालते. हे गाव सुमारे दीड हजार फुटांवर. मुकणे राजांचं संस्थान होतं तेव्हापासून इथे सपाट जागा म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलेली. उतार मात्र फुकट. गॅरेजमधली टाकाऊ बेअरिंगं चाकांच्या जागी बसवलेली फळीची गाडी उतारावर सोडायची आणि पायाने दिशा द्यायची, हा इथल्या मुलांचा पिढीजात उद्योग. त्यांचे नियमही कडक: मागून ढकलायचं नाही, मध्ये पाय लावायचा नाही, जाडा मुलगा दोघांत धरायचा. हा शेवटचा नियम वाटतो तेवढा हास्यास्पद नाही. जड गाडी हवेला कमी भिते, म्हणून उताराला थोडी जास्त पळते. नियम करणाऱ्या पोरांना हे कुणी शिकवलेलं नाही, हरून कळलेलं आहे.

थोड्या लहान मुलांची आणखी वेगळी गाडी असते. जुन्या रबरी चपलेची चाकं, तारेचा सांगाडा आणि खांद्यापर्यंत येणारी तारेची लांब दांडी, टोकाला तारेचंच स्टिअरिंग. हा आमचा रिमोट. याला बॅटरी लागत नाही, मोटर म्हणजे चालवणारा स्वतः आणि त्याच्या वेढ्यांवर कुणाचा निर्बंध नाही. घाटात फोनची रेंज जाते, हिची जात नाही. तसं पाहिलं तर भाच्याच्या गाडीचीही जात नाही; तिचा रिमोट तिच्याशी थेट बोलतो, टॉवरला विचारत नाही. मोखाड्याच्या पुढे जिथे फोन हात वर करतो, तिथेही ती गाडी निमूट ऐकते, हे बघून मला तिच्याबद्दल आदर वाटला.

मोटरीच्या नियमाचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा खटला अर्थात बैलगाड्यांचा. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या मे महिन्यात शर्यती बंद केल्या, 2017 साली महाराष्ट्राने कायदा बदलला, 2021 च्या डिसेंबरात शर्यतींना वाट मिळाली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा ग्राह्य धरला. या नियमांची गंमत अशी, की बैलाच्या ताकदीवर त्यांत बंधन नाही. बंधन आहे ते मागच्या माणसावर: चाबूक नको, टोचणी नको, विजेचा झटका नको. रिमोटवाल्यांनी मोटरीला बांधलं, आपण हाकणाऱ्याला. मला आपला नियम जास्त शहाणा वाटतो, कारण बहुतेक आगाऊपणा मागूनच सुरू होतो.

भाच्याच्या गाडीची चाचणी एका मैदानावर झाली. मैदान म्हणायचं, पण एका बाजूने ते हळूच दरीकडे कललेलं होतं. ठाण्यातल्या गुळगुळीत फरशीवर उडणारी गाडी इथल्या तांबड्या मातीत उताराला वेडी व्हायची आणि चढाला धापा टाकायची. दोन फेऱ्यांत मोटर तापली. लाल डोळ्याचा थर्मामीटर त्याच्याकडे होता, पण रिवाइंडिंगवाले काकाही आले होते आणि त्यांची पद्धत वेगळी. बोट मोटरीवर ठेवायचं आणि तीन आकडे मोजायचे. तीनपर्यंत बोट टिकलं तर ठीक, आधीच उचललं गेलं तर मोटर मरायला टेकली. त्यांचं बोट एकावरच उचललं गेलं. ‘‘हिचं वाइंडिंग चांगलं आहे, गिअर चुकलाय,’’ त्यांनी निदान केलं. मोटरीच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक, पिनियन, ते मोठं होतं. मोठ्या पिनियनने सपाटीवर वेग मिळतो, पण चढावर मोटर दमून नुसता करंट खाते. एसटीचा ड्रायव्हर तोरंगण घाटात चौथा गिअर टाकील का? लहान पिनियन बसवल्यावर तीच मोटर, तेच साडेसतरा, आणि गाडी चढ हसत चढली. सरळ धावेवर ती थोडी मंद झाली खरी, पण इथे सरळ धाव आहेच किती?

मग बघायला जमलेल्या मुलांपैकी एकाने रिमोट मागितला. भाचा ट्रिगर पूर्ण दाबूनच चालवायचा. वळण आलं की गाडी कोलांटी खायची. या मुलाने वळणाच्या जरा आधी बोट सैल सोडलं, गाडी आतल्या बाजूने घेतली आणि वळण संपताना पुन्हा दाबलं. चपलेच्या चाकांची गाडी दांडीने वळवताना जो अंदाज हातात बसतो, तोच त्याने वापरला असावा. फेरीला त्याला भाच्यापेक्षा कमी वेळ लागला. भाच्याने लगेच दिवा लुकलुकतोय का ते वाकून पाहिलं. लुकलुकत होता.

तेव्हा कुणी गाडी घेऊन जव्हार-मोखाड्याला येणार असेल, तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. जून ते सप्टेंबर येऊ नका, चिखलात मोटर कुठली, गाडीही सापडणार नाही. पावसाळ्यात यायचंच असेल तर दाभोसाचा धबधबा बघायला या. आणि साडेपाचची मोटर घरीच ठेवा. इथे साडेएकवीस पुरते, पिनियन मात्र लहान आणा, आणि रिमोट कुणा पोराने मागितला तर नाही म्हणू नका.