माळ्याचा वारस

परभणीच्या माणसाला हैदराबाद परकं वाटत नाही. 1948 पर्यंत आम्ही निजामाच्याच राज्यात; गावातून जाणारी रेल्वेही त्याचीच. त्यामुळे आईला सालारजंग संग्रहालय दाखवायला नेलं, तेव्हा जुन्या मालकाच्या वाड्यावर भांडीकुंडी मोजायला निघाल्यासारखं वाटलं.

संग्रहालय ज्यांच्या नावाचं, ते तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, जन्मले 1889 साली, तेही पुण्यात. महिना होत नाही तोच वडील गेले. ऐन तेविशीत निजामाचे दिवाण झाले, 1914 साली ते पद सोडलं आणि पुढची पस्तीस वर्षं वस्तू जमवल्या. घड्याळं, हस्तिदंत, चिनी मातीची भांडी, हस्तलिखितं, हातात धरायच्या काठ्यासुद्धा! खोड पिढीजात. बुरख्यातल्या रिबेकेचा संगमरवरी पुतळा त्यांच्या आजोबांनी 1876 सालीच रोममध्ये घेतलेला. दगडाचा पदर इतका झिरझिरीत की लोक श्वास रोखून बघतात. आई म्हणाली, "पुसणाऱ्याला किती धडकी भरत असंल रे!"

नवाबसाहेबांनी लग्न केलं नाही. माझ्या मते संग्रहाचं खरं गुपित हेच. त्यांच्या वाड्यात, दिवाण देवडीत, "केवढ्याला आणलंत? आणि ठेवायचं कुठं?" असं विचारणारं कुणी नव्हतं.

आईलाही विचारणारं कुणी नाही. आमच्या माळ्यावर तेलाचे रिकामे डबे आहेत, एका कानाची कढई आहे आणि लग्नात आलेले पितळेचे तांबे आहेत. प्रत्येक तांब्यावर देणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख घातलेली. वस्तू कुणाची, कधीची, कुठून आली याची इतकी चोख नोंद संग्रहालयात तरी असेल का, शंकाच आहे.

बाराच्या ठोक्याला आम्हीही संग्रहालयातल्या प्रसिद्ध घड्याळासमोर गर्दीत बसलो. चिमुकला माणूस बाहेर आला, बारा टोल देऊन आत गेला. आई म्हणाली, "बिचाऱ्याला तासातासाला उठावं लागतं."

सालारजंग 1949 साली वारले. वारस नसल्यानं तो सगळा पसारा जनतेचा झाला. 1951 साली पंडित नेहरूंनी संग्रहालयाचं उद्घाटन केलं.

आमच्या माळ्याला मात्र वारस आहे. मागच्या दिवाळीत त्यानं भंगारवाल्याला हळूच पितळेचा भाव विचारला. आई स्वयंपाकघरात होती, तरी तिनं ऐकलं. तांबे अजून माळ्यावरच आहेत.