गच्चीचा सातबारा

२०२०च्या टाळेबंदीत बाल्कनीत उगवलेला शेतकरी अजून तग धरून आहे, ही कृषिप्रधान देशासाठी आनंदाची वार्ता होय. १९६५च्या टंचाईत लालबहादूर शास्त्रींनी सरकारी बंगल्याच्या हिरवळीत शेती केली; तोच वसा आता कोथरूडच्या तिसऱ्या मजल्याने घेतला आहे. भांडवल बेताचेच. ग्रो बॅग, कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी तेलाचा फवारा आणि मिरचीवरचा पिठ्या ढेकूण शोधायला भिंग. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते आणि मधमाशी तिसऱ्या मजल्यावर येत नाही, म्हणून साहेब ऑफिसातून आल्या आल्या, चहाही न घेता, मुलीच्या चित्रकलेच्या ब्रशाने नरफुलातले पराग मादीफुलाला लावतात. (मुलीचा चित्रकलेचा तास त्या दिवशी बुडतो. शेतीत त्याग हा आलाच.)

आता शासनानेही मागे राहू नये. बाल्कनीला सातबारा द्यावा. पीकपाहणीत ‘टोमॅटो, नग चार, पैकी एक खारीने नेला’ अशी रीतसर नोंद व्हावी. वरच्या मजल्यावरून ठिबकणारे धुण्याचे पाणी अवकाळी समजून तलाठ्याने पंचनामा करावा. हमीभाव उत्पादनखर्चाच्या दीडपट धरला, तर उरलेले तीन टोमॅटो सराफकट्ट्यावरच विकावे लागतील. तेवढी परवानगी असावी.

मातीत हात घातल्याने बळीराजाच्या कष्टांची जाणीव मात्र खोलवर रुजली. मेथीवालीने वीसला गड्डी सांगताच साहेब गहिवरले. म्हणाले, “मावशी, मेथीमागची मेहनत मला विचारा! वीसला दोन द्या, आणि वर थोडी कोथिंबीर टाका.”